मोंबासाचा सूर्य आणि दाजीकाका

माझ्या पुस्तकातलं एक प्रकरण सपशेल खोटं होतं.

ते पकडणारा माणूस आज सकाळी गेला.

दाजीकाका. देवबागात आमच्या शेजारचे. सगळी उमर मालवाहू जहाजांवर कुक म्हणून काढलेले.

मी प्रवासवर्णनं लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. केनियाच्या ट्रिपमधलं मोंबासा आयत्या वेळी कॅन्सल झालं, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांचे फोटो बघितले, चार ब्लॉग वाचले आणि दिलं ठोकून एक झकास प्रकरण!

प्रूफं आली तशी घेऊन तोऱ्यात देवबागला गेले. काकांना नीट दिसायचं नाही, म्हणून ओट्यावर बसून वाचून दाखवत होते. किनारा, माडाची झाडं, समुद्रात बुडणारा सूर्य...

"थांब गो चेडवा. सूर्य खंय बुडवलंस?"

"दर्यात."

काका खो खो हसले. "अगो, मोंबासाक दर्या उगवतीक आसा! थंय सूर्य दर्यातसून वर येता. देवबागचो सूर्य थंय नेऊन बुडवलंस?"

सूर्य समुद्रातच बुडतो, हे आम्हा किनाऱ्यावरच्यांना इतकं पाठ, की मला शंकासुद्धा आली नव्हती.

मग त्यांनी हळूच विचारलं, "तू थंय गेललंस?"

"नाय."

लाज वाटली, म्हणून उलट चिडले. "पण कोणाक कळतला, काका?"

"माका कळला मां."

संपलं. प्रकरण काढलं. प्रकाशक भडकले, पुस्तक लांबलं. मी काकांशी आठवडाभर बोलले नाही, इतकी मी शहाणी.

गेल्या महिन्यात मोंबासाला गेले. खरीखुरी. सूर्य उगवताना किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावला. इकडे काका पेज जेवत होते. मोबाईल पार नाकाला टेकवून बघितलं.

"हय! ताच ता. आता लिव."

लिहिलं. पुस्तक प्रेसमध्ये आहे. पहिली प्रत त्यांच्या हातात द्यायची होती, ते राहिलं. फार लागलंय मनाला.

पण एक छातीठोक सांगते. न बघितलेली एकही जागा त्या पुस्तकात नाही.

पुढचं लिहिताना परत मोह होईल, मला ठाऊक आहे. कोणाक कळतला?

माका कळतला.

दाजीकाकानु, सुखान जावा.