वासुआंचा निरोप

लितियाचं लग्न झालं होतं शाळामास्तराशी, पण संसार सगळा वासुआंबरोबर. वासुआ म्हणजे पाटाएवढा अगडबंब शिंपला. फिजीतल्या त्यांच्या किनाऱ्यावर एके काळी पावलोपावली आडवा यायचा. लोकांनी खाऊन खाऊन पाच उरवले. ते पाचही लितियानं टाकीत आणून ठेवले. गावप्रमुखांनी बजावलं, “पोरी, आज संध्याकाळपर्यंत यांनी पिल्लांसाठी बीज सोडलं तर तुझे. नाहीतर उद्याच्या जेवणावळीत!”

सकाळभर पाणी उन्हात तापवून झालं. शिंपले ढिम्म. शेवटी जड मनानं तिनं एक कापला, आतला गर ताटलीत काढला. त्यातलं बीज वाटून टाकीत ओतायचं होतं. पिकल्या बीजात एक रसायन असतं. ते पाण्यात विरघळलं की शेजारच्या शिंपल्यांना ‘सोडा रे!’ असा निरोप पोचतो. शिंपल्यांची बोलीभाषा काय ती एवढीच.

ती पाणी आणायला वळली आणि परत येते तो ताटली रिकामी! मामेभाऊ सेतारेकी बोटं चाटत उभा.

“लिंबू-मिरची लावून झकास लागलं गं!”

“मेल्या, निरोप गिळलास तू!”

“विचारायचं कशाला? आत्याच्या पोरीचं ते माझंच की.”

तिथला रिवाजच तो, बोलायची सोय नाही. दुसरा कापायचा तर उरणार तीन.

“शिंपी कुठे टाकलीस?”

“चुलीमागे.”

ती धावली. शिंपीला आतून गराची जराशी कड चिकटलेली होती. ती नखानं खरवडून, समुद्राच्या पाण्यात कालवून तिनं चौघांवर ओतली.

“एवढ्याशानं काय होतंय?” सेतारेकी म्हणाला.

“बायकोनं मासा भाजला की तीन घरांपलीकडून धावतोस ना? तेव्हा काय मासा नाकात कोंबते ती?”

काहीच होईना. लितिया टाकीवर ओणवली. आणि मग धप्‌! एक शिंपला आकसला, रेताचा दुधाळ धूर उसळला. लगेच दुसरा! तिसरा! चौथ्यानं तर अंड्यांचा ढगच सोडला.

“बादली! अरे, प्रत्येकाची वेगळी बादली धर! ज्याचं रेत त्याच्याच अंड्यांना लागू देऊ नकोस, दुसऱ्याचं हवंय!”

आरडाओरडा ऐकून प्रमुख आले. टाकीत डोकावले, आणि लुंगी गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरले.

“हं,” ते हात पुढे करत म्हणाले, “मला कुठली बादली?”