पिवळं पाणी

समोरच्या खोलीतला तो शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. दर वाक्यानंतर "विचारा, का?" म्हणायची त्याला खोड. माझं डोकं उठायचं. गणपतीत आमच्या दहिसरच्या चाळीत विज्ञानाचे प्रयोग दाखवायची टूम त्याचीच.

आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन तो खाली बघत उभा राहिला.

"काका, कावीळ उतरवायचा प्रयोग आहे. तुम्ही नको म्हणालात तर गाळतो."

माझी बायको काविळीनेच गेली. डॉक्टर सोडून मीच तिला बुवाकडे नेत होतो. तो तिचे हात धुवायचा, पाणी पिवळं व्हायचं आणि मी तिला म्हणायचो, उतरली बघ.

"गाळतोस कशाला? दाखव," मी म्हटलं. "आणि हात माझे घे."

सगळी चाळ बघत होती. त्याने आधी स्वतःच्या तळव्यांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून दाखवला, मग चुन्याच्या पाण्यात माझे हात चोळले. मला कसली कावीळ नव्हती. पाणी पिवळंजर्द झालं.

आता हा "विचारा, का?" म्हणणार म्हणून मी दात आवळून बसलो. पण तो नुसता पंच्याने माझे हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी.