उजव्या बाजूचा सांधा

माझ्या मामाला सगळे कानसेन म्हणतात. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण गाडी गॅरेजच्या फाटकातून आत वळली की दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीखाली आडवा पडलेला मामा तिथूनच ओरडायचा, "मागचे ब्रेक लायनर संपलेत, किती दिवस झाले?" आणि गिऱ्हाईक चाट पडायचं. तोंड उघडायच्या आत आजार ओळखणारा मिस्तरी म्हणून लांबून लोक यायचे. माझे बाबा त्याला चिडवायचे, "तुझ्याकडे गाडी आणायची तरी कशाला? फोनवर आवाज ऐकवतो, तू तिथूनच दुरुस्त कर." मामा वरवर हसायचा, पण त्याला ते कौतुक मनापासून आवडायचं.

आमची रोपवाटिका आहे. बाबांनी जुनी पिकअप घेतली होती. कुंड्या, मातीची पोती, कलमं भरून ते दिवसभर फिरायचे. गाडीचं सगळं काम मामाकडेच. मामा आईचा धाकटा भाऊ. बाबा त्याच्याशी मेहुण्यासारखे कमी आणि दोस्तासारखे जास्त वागायचे.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पिकअपच्या पुढच्या डाव्या बाजूने वळणावर कट-कट आवाज येऊ लागला. मामाने नेहमीप्रमाणे ऐकूनच सांगितलं, "बॉल जॉइंट गेलाय, डावीकडचा." चाक ज्या लोखंडी दांड्यावर, म्हणजे आर्मवर बसतं, तिथे माणसाच्या खुब्यात असतो तसा वाटीत फिरणारा एक गोळा असतो. तो झिजला की चाक डुगडुगतं आणि फारच झिजला तर वाटीतून निसटतो. मामाने एका दुपारी डावीकडचे वरचे-खालचे दोन्ही बदलले.

"आता उजवीकडचेही टाक ना," बाबा म्हणाले. "जोडीनेच बदलावे असं तूच सांगतोस लोकांना."

"भाऊजी, चांगला भाग काढून फेकायचा म्हणजे पाप आहे. थांबा, बघून सांगतो."

त्याने जॅक लावला, चाक उचललं, वरखाली धरून हलवलं. चाक तसूभर हललं नाही.

"घट्ट आहे. वर्षभर इकडे बघायला नको."

अडीच महिन्यांनी बाबा मातीची पोती भरून बाजाराच्या रस्त्याने येत होते. वेग जेमतेम होता. कोपऱ्यावर वळताना उजवं चाक खालून दुमडलं, गाडीचं नाक रस्त्यावर टेकलं आणि पिकअप फरफटत फुटपाथवर चढली. तिथे एका टेलरबाईंचं दुकान होतं. उजेड चांगला म्हणून त्या बाहेर स्टुलावर बसून काजं करत होत्या. गाडी त्यांना थेट लागली नाही, पण पायरीचा दगड उखडून त्यांच्या उजव्या हातावर आला. बाबांचा घोटा पेडलमध्ये अडकून मोडला.

बाबांचा घोटा जुळला, पण पाय आखूड पडला. टेलरबाईंचा हात जुळला, पण बोटं वळेनाशी झाली. सुईत दोरा ओवणं संपलं. कात्री तर लांबच राहिली.

मामा त्या दिवशी आधी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेऊन आला आणि मग दवाखान्यात पोचला. मी तिथेच होते. तो दारात उभा होता, चेहरा उतरलेला. काहीतरी बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले.

"आदल्या दिवशी खड्ड्यात आदळली होती रे. जोरात. आणि आज पोतीही जास्त भरली होती. माझंच चुकलं."

मामा म्हणाला, "हं."

एवढंच. पुढे चौकीवरून एक माणूस विचारायला आला, त्यालाही मामाने सांगितलं, "जोराचा दणका बसला की तुटतो साहेब." त्यात खोटं काही नव्हतं.

मग बाबांचं एक नवंच आयुष्य सुरू झालं. पिकअप मी चालवायला शिकले, कारण त्यांनी पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. रोज सकाळी मात्र ते लंगडत टेलरबाईंच्या दुकानाशी जायचे आणि त्यांचं शटर वर करून द्यायचे. बाईंना एका हाताने ते उचलत नसे. शिवणकाम गेल्यावर त्या बटणं, दोरे, लेस, अस्तराचं कापड विकू लागल्या होत्या. बाबा शटर उघडून देत, पायरी झाडत, कधी एखादं रोप ठेवत. थंडी असो, ताप असो, एक दिवस चुकला नाही. आई वैतागायची. "अहो, त्या माफ करून मोकळ्या झाल्या. तुम्हीच कधी मोकळे होणार?"

"होईन गं," बाबा म्हणायचे.

मामा हे सगळं बघत होता. त्याचं येणं-जाणं चालूच होतं. जेवायला बसला असताना बाबा शटर उघडून परत यायचे, घाम पुसत पाटावर बसायचे, आणि मामाचा घास हातात तसाच राहायचा. आम्हाला वाटायचं, याला भाऊजींची दया येते.

बाबा गेले ते झोपेतच गेले. सकाळी आईने हाक मारली तर उठले नाहीत.

दीड महिन्यांनी पिकअपच्या पुढून पुन्हा आवाज येऊ लागला. मी ती मामाकडे नेली. त्याने या वेळी ऐकून काही सांगितलं नाही. गाडीचं नाक उचलून खाली घोडीचा टेकू लावला, पुढची दोन्ही चाकं काढली. गाडीचा एकेक सांधा सोडवत गेला. स्प्लिट पिन गंजून बसली होती, ती पकडीने ओढताना त्याचा अंगठा सोलला. मी पट्टी आणायला उठले, तर म्हणाला, "राहू दे. बस जरा."

मी बाकावर बसले. तो माझ्याकडे न बघता हातातला पाना फडक्याने पुसत राहिला.

"त्या वेळी उजवीकडचा जॉइंट मी नीट तपासला नव्हता."

मला आधी कळेचना तो कुठल्या वेळेचं बोलतोय.

"या गाडीची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. जॅक आर्मखाली लावला तरच सांधा सैल पडतो आणि झीज हाताला कळते. सांगाड्याखाली लावला की स्प्रिंग त्याला ताणून धरते. गेलेला सांधाही घट्ट लागतो. हे मला माहीत होतं, अगदी शिकाऊ होतो तेव्हापासून. पण त्या दिवशी मोठा जॅक दुसऱ्या गाडीखाली अडकला होता, छोटा आर्मखाली बसत नव्हता. मी सांगाड्याखाली लावला. म्हटलं, कान तर आहेतच आपल्याला. उजवीकडून आवाज नव्हता."

"मग बाबा म्हणाले तो खड्डा?"

"खड्ड्याने तुटला असता तर तुटलेली जागा ताजी, चकचकीत दिसली असती. मी उघडून बघितला त्याच दिवशी, दवाखान्यात यायच्या आधी. वाटी झिजून लांबट झाली होती, कोरडी, गंजलेली. वर्षभराची झीज होती ती. मी तो तुकडा तिथल्या तिथे भंगारात टाकला."

"आणि अकरा वर्षं गप्प बसलास."

"पहिल्या दिवशी त्यांनीच आधी बोलून टाकलं. मला वाटलं, बरे झाले की सांगू. मग ते शटर उघडायला जाऊ लागले. मग सांगणं आणखी अवघड झालं. रोज एक दिवस वाढत गेला." त्याने पाना खाली ठेवला. "गेल्या वर्षी एकदा अगदी ठरवून आलो होतो. तर भाऊजी म्हणाले, चल, बाईंकडे जाऊन येऊ, पायरीची फरशी निघालीय, तू सिमेंट लाव. मी लावलं."

त्याने चारही बॉल जॉइंट बदलले. घरी मीच त्याला आणलं. आईला त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. आई पालेभाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, फक्त फार सावकाश चालू लागले.

"मला कशाला सांगतोस?" ती शेवटी म्हणाली. "ज्यांना सांगायचं ते गेले."

"ताई, मी..."

"त्या बाई आहेत अजून. त्यांना जाऊन सांग. माझ्या नवऱ्याचं नाव त्यांच्याकडे तरी स्वच्छ कर."

तो गेला. मीही बरोबर गेले. टेलरबाई गल्ल्याशी बसल्या होत्या. वाकडी बोटं मांडीवर ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला निळा दोरा देऊन पाठवलं आणि पुन्हा ऐकू लागल्या.

"म्हणजे ते रोज येत होते ते उगाचच," त्या म्हणाल्या.

मामाने मान खाली घातली.

"मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं त्यांना, तुम्ही येऊ नका, शेजारचा कुणी उघडून देईल. तर म्हणाले, बाई, मला दुसरं काही करता येत नाही. मला वाटायचं, किती भला माणूस, आपली चूक विसरत नाही." त्यांनी डाव्या हाताने गल्ला लोटून बंद केला. "तुमच्यावर रागवायला आता माझ्यात बळ नाही. पण तुम्ही त्यांच्या जागी शटर उघडायला येऊ नका. ते मला बघवणार नाही."

मामाच्या मनात नेमकं तेच असावं, कारण तो दचकला. मग म्हणाला, "बरं," आणि आम्ही निघालो.

मामा आजही गॅरेज चालवतो. कुणी कानसेन म्हटलं तर आता ओ देत नाही. दर रविवारी आमच्याकडे येतो. आई चहा करते, त्याच्या मुलांची चौकशी करते. पण पूर्वी तो निघाला की ती दारापर्यंत जायची, आणखी दहा मिनिटं तिथेच उभ्या उभ्या गप्पा व्हायच्या. आता ती बसल्या जागेवरून "सावकाश जा" म्हणते.

मी मामाशी नीट बोलते. त्याला दोष देणं मला सोपं नाही, आणि त्याचं कारण मी आईला अजून सांगितलेलं नाही. अपघातानंतर वर्षाने, एका सकाळी, मी एकटीने तीस पोती उतरवून दमले होते. बाबा मदतीला पुढे आले, पाय लटपटला आणि पोतं फुटलं. मी चिडून म्हणाले, "तेव्हा एवढी माती भरायलाच नको होती तुम्ही. तुमच्यामुळे झालं हे सगळं."

बाबा खाली बसून दोन्ही हातांनी माती गोळा करू लागले. म्हणाले, "हो गं. खरं आहे तुझं."