देव्हाऱ्यातला घोडेस्वार

माझे सासरे साताऱ्याकडचे, निवृत्त पीटी मास्तर. त्यांचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर त्यांच्या पट्ट्याचे व्रण अजून आहेत. ते सहा महिन्यांसाठी वेम्बलीला आले आणि चाळिशीला टेकलेला माझा नवरा स्वतःच्या घरात चोरपावलांनी वावरायला लागला. मला त्याची कीव यायची, आणि संतापही यायचा.

वरची खोली आम्ही लिथुआनियाच्या एका पोरसवदा इलेक्ट्रिशियनला दिली होती. त्याचा देश युरोपियन युनियनमध्ये आल्यावर कामासाठी लंडन गाठलेल्यांतला तो एक. एका शनिवारी त्याने किचनमधला सॉकेट दुरुस्त करून दिला आणि वाकताना त्याच्या खिशातून एक नाणं पडलं. त्यांच्याकडचा एक सेंट, अल्युमिनियमचा, आपल्या जुन्या पाच पैशांसारखा हलका. वर उधळलेला घोडा, त्यावर तलवार उगारलेला स्वार. ते सापडलं सासऱ्यांना. त्यांनी ते उचलून कपाळाला लावलं.

"महाराज जमिनीवर, आणि तुम्ही सगळे तुडवत फिरताय."

"आप्पा, ढालीवर क्रॉस दिसतोय," मी म्हटलं.

"इंग्रजांनी काढलेलं नाणं, क्रॉस असणारच. तुला काय कळतंय?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नाणं किचनमधल्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मध्ये जाऊन बसलं, त्याला गंधफूल झालं. मी सिंककडे तोंड करून हसून घेतलं. एका सेंटसाठी कोण जीव टाकणार, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो इलेक्ट्रिशियन खाली आला आणि सोफ्याच्या गाद्या उलटसुलट करायला लागला. काय शोधतोस विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. रशियनांचं राज्य संपलं आणि देशाचे स्वतःचे पैसे आले, तेव्हा त्याच्या आईच्या हाती पडलेलं ते पहिलं नाणं. निघताना तिने ते त्याच्या मुठीत ठेवलं होतं. हिवाळ्यात ती गेली, आणि तिच्या मातीलाही त्याला जाता आलं नाही. "आय हॅव नथिंग एल्स ऑफ हर," तो म्हणाला.

सासऱ्यांना हा आमचा राजा वाटलाय, असं सांगत मी त्याला देव्हाऱ्यापाशी नेलं. सासरे तिथेच पोथी वाचत होते.

"आप्पा, हे नाणं ह्याच्या आईचं आहे. देऊन टाका."

"देव्हाऱ्यातलं कुणी मागतं का?"

त्याने हात पुढे केला. सासऱ्यांनी पितळी घंटा उचलून त्याच्या बोटांवर हाणली. दुसरा फटका कानावर बसला, कान फाटला, रक्त मानेवरून शर्टात उतरलं. "प्लीज," तो म्हणाला, आणि आम्ही करतो तसे हात जोडले. मी सासऱ्यांचं मनगट धरलं, तेव्हा त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यावर हात उचलला होता. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"नॉट युअर किंग, सर. माय कंट्री. रीड."

सासऱ्यांनी चष्मा सारखा केला, नाणं उचलून कडेची अक्षरं वाचली. त्याच्या देशाचं नाव होतं. चेहरा खर्रकन उतरला. तेव्हाच नाणं परत दिलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण चूक उघडी पडली की काही माणसं जास्तच पिसाळतात. त्यांनी सॉकेटच्या कामानंतर ओट्यावर राहिलेली पक्कड घेतली, नाणं दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि त्याच्या पायाशी फेकलं.

"घे तुझी आई."

त्याला मराठी येत नव्हती. त्याने वाकून तो गोळा उचलला, अंगठ्याने चाचपला, खिशात ठेवला. मग त्याने मारलं. एकच ठोसा, सुजलेल्या त्याच हाताने. सासऱ्यांच्या नाकाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी मध्ये पडले नाही आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

नवरा ईलिंग रोडवरून भाजी घेऊन आला तो नेमका तेव्हा. दारातच थांबला. सासरे जमिनीवर बसले होते, ओंजळीत रक्त.

"बघतोस काय? हाण त्याला."

नवऱ्याने पिशव्या खाली ठेवल्या. माझा गाल पाहिला. फ्रीझर उघडून गोठलेल्या मटारचं पाकीट काढलं. मला वाटलं, बापासाठी. तो बापाला ओलांडून गेला, त्या पोराचा हात धरला आणि बोटांवर पाकीट दाबलं.

"होल्ड इट टाइट," म्हणाला. "इट विल टेक द स्वेलिंग डाउन."