मशीनीत कौशी किती ठेवायची

विसरलात ना?

मोबाइल तुमाला सगळ्यांचे वाढदिवस सांगतो. गेलेल्या माणसाचं सांगत न्हाई, म्हणून मला सांगावं लागतंय.

आमच्या कौशीला जाऊन आज वरीस झालं.

सांगणारी मी, टाइप करणारी माझी नात पल्लवी. मला अक्षर येत न्हाई. काही चुकलं तर तिला बोला, झोंबलं तर मला.

कौशी म्हणजे माझी धाकटी जाऊ.

चाळीस वर्षं जात्याच्या एका खुंट्याला दोघींचे हात. ओवीचे पहिले दोन शब्द माझे, मग ती मिळायची. तिथून पुढं सगळी ओवी माझ्या जराशी मागं. सूर जरासा खाली.

बोलून बोलून थकले. मलाच म्हणायची, "आक्का, तुमीच पळता."

तर कौशी गेली, अन् त्याच्यामागनं पल्लवीचं लग्न ठरलं. पोरीनं हट्ट धरला, हळदीला डीजेच्या आधी आजीच्या ओव्या लावायच्या.

अंबाजोगाईला माझ्या नंदेच्या पोराचा, नितीनचा, रेकॉर्डिंग स्टुडिओ हाय. गेलो मी अन् पल्लवी.

कानाला हेडफोन लावला. दोन शब्द म्हणले अन् थांबले.

नितीननं काचेपल्याडून विचारलं, मामी, काय झालं?

मी म्हणले, "थांब की, तिला येऊ दे."

नितीननं रेकॉर्डिंग थांबवलं.

तीनदा असंच झालं. दोन शब्द झाले की तोंड आपोआप बंद. एकटीची ओवी मला येतच न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं. अन् हळद आठ दिवसांवर.

नितीन तेव्हा स्टुडिओसाठी जुने इफेक्टचे डब्बे बघत होता. तीन आणून ठेवलेले, त्यातला एकच ठेवायचा होता. त्यानं समजावून सांगितलं, आवाज आत गेला की त्याला जोडीदार मिळतो. जरा मागं राहणारा, जरा डुलणारा. म्हणला, मामी, जो उबदार वाटंल तो सांगा, तोच ठेवतो.

मी तिन्हीवर हात ठेवून बघितला. तिन्ही गारच.

पल्लवी हसून खाली बसली. उबदार कानाला लागतो म्हणे. आधी सांगायचं ना.

पहिल्यांदा त्यानं कॉम्प्युटरमधला इफेक्ट लावला. एकदम टायमावर, एकदम सुरात.
मी म्हणले, काढ. कौशी जन्मात कधी टायमावर आली न्हाई.

मग पहिला डब्बा, फेजर. माझा आवाज दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा फडफडायला लागला.

दुसरा फ्लँजर. रिकाम्या टँकरमधी तोंड घालून गाते जशी. पाण्याची वाट बघणारं सगळं गाव गोळा झालं असतं.

तिसरा कोरस.

त्याला लई मान होता. नितीन म्हणला, ह्यात आवाज एका बादलीतून दुसऱ्या बादलीत ओतल्यासारखा पुढं जातो. अशा शेकडो बादल्या. जाता जाता थोडा थोडा सांडतो, म्हणून तो उबदार लागतो.

मी म्हणले, ही तर रोजगार हमी झाली.

पाझर तलावाच्या कामावर आमी अशीच घमेली हातोहात द्यायचो. कौशी माझ्या शेजारी. अर्धी माती पुढं जायची, अर्धी माझ्या पायावर.

लावला कोरस. दोन शब्द म्हणले.

अन् मागनं कुणीतरी मिळालं.

जरासं मागं. जरासं खाली.

मी थांबलेच न्हाई. नितीन बटणं फिरवत होता. विचारलं, "मामी, किती ठेवू?"

"कौशी थोडी कमी कर. जिवंतपणी होती तेवढी नको."

मग ही ओवी आली.

सुपात बाई माझं, दळण राहिलं थोडं
दामू बंधवानं, दारी बांधलं घोडं

दामू माझा भाऊ, मांजरसुंब्याचा. घोडं कुठलं, सायकल होती, तीबी पंक्चर. पण ओवीत बाईनं आपल्या भावाचं नाव घ्यायचं असतं.

अन् कौशी नेमकं तिथं घात करायची. मी "दामू" म्हणले की ती "बाबू" म्हणायची. बाबू तिचा भाऊ, तलवाड्याचा. घोडं मी आणायचं अन् हिनं ते तिच्या भावाच्या नावावर करायचं. चाळीस वर्षं आमचं ह्याच्यावरून भांडण.

मशीन मात्र माझ्यामागं निमूट "दामू" म्हणलं.

जिंकले होते मी. घोडं एकदाचं माझं झालं.

हेडफोन काढला. पाणी पिले. नितीनला वाटलं डब्बा आवडला न्हाई, म्हणला, मामी, दुसरा लावू का?

"डब्बा बरोबर हाय. मी चुकले. परत घे."

परत घेतलं. ह्या बारीला मी "बाबू" म्हणले. आयुष्यात पहिल्यांदा. मागनं तीबी "बाबू" म्हणली.

नितीननं तो कोरस ठेवून घेतला. दोन डब्बे परत पाठवले.

हळदीला ओव्या लावल्या. बाबू आला होता, काठी टेकत. आपलं नाव स्पीकरमधून ऐकून त्यानं टोपी काढली अन् मांडीवर धरून बसला. जेवायला उठवलं तरी उठंना. शेवटी माझ्याकडं बघून म्हणला, "माझं नाव घेणारी गेली असं वाटलं होतं."

मी त्याचं ताट तिथंच आणून ठेवलं.

कौशे, जा आता. पळू नको, तुला जमत न्हाई.

अन् वाचणाऱ्यांनो, खाली नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकू नका. तिच्या सुनांनो, तुमाला सांगते. आज बाबूला डबा पाठवा. गोड नको, त्याला शुगर हाय. हुलग्याचे शेंगोळे करा, पातळ अन् मऊ, दात न्हाईत त्याला.

कुणी पाठवले विचारलं तर बहिणीनं म्हणून सांगा. अन् लसूण हात सैल सोडून घाला.