जेवणानंतरची जेनेपी

मुलीनं ब्रिस्टलहून फोनवर सांगितलं होतं, "शनिवारी येतो आम्ही. जेवण झाल्यावर थोडं बोलायचंय." थोडं म्हणजे काय, ते सांगितलं नाही. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. शनिवारी दुपारी मी घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर पाहिलं. ठीक होतं. तासाभरानं पुन्हा पाहिलं.

संध्याकाळी ती आणि तिचा फ्रेंच मित्र आमच्या घरी, मिल्टन कीन्सला पोहोचले. त्यानं जेनेपीची बाटली आणली होती. आल्प्समध्ये उंचावर उगवणारी एक वनस्पती दारूत मुरवून, साखर घालून त्याची आजी ती घरीच करते. रंग फिकट हिरवा, आत दोन काड्या. लेबल नव्हतं, म्हणून मी अल्कोहोल किती टक्के ते विचारलं. "साधारण चाळीस," तो इंग्रजीत म्हणाला. मला 'साधारण' चालत नाही.

आमच्याकडे प्यायचं ते जेवणाआधी, शेंगदाण्यांबरोबर. जेवण झालं की बडीशेप, आणि उठायचं. मी व्हिस्कीचे ग्लास काढून ओतायला लागलो, सोडा उघडला. तेवढ्यात मुलगी आली.

"बाबा, थांबा ना. सोडा नको. ही जेवणाच्या नंतर प्यायची असते. एकदम चिल्ड, छोट्या ग्लासमध्ये, हळूहळू."

"मग आत्ता काय प्यायचं?"

"पाणी," बायको म्हणाली. "बघा जमतंय का."

ओतलेली जेनेपी मी नरसाळ्यानं बाटलीत परत भरली आणि बाटली फ्रीझरमध्ये ठेवली. जेवायला बसलो, तर सगळ्यांच्या आधी माझंच ताट रिकामं.

"अहो, गाडी चुकतेय का?" बायकोनं विचारलं.

छोटे ग्लास घरात नव्हते. तापाच्या औषधाबरोबर येणारी प्लॅस्टिकची मापं होती. ती डोळ्यांसमोर धरून मी प्रत्येकात वीस मिली ओतली आणि माझं एका घोटात संपवलं. आधी गार, मग गोड, मग घशाशी काडेचिराइतासारखं कडू.

बायकोनं नुसता वास घेतला. "बाळगुटीच ही," ती मुलीला म्हणाली. "तुला चाटवली की थुंकायचीस."

मुलगी हसली, मग थांबली. "आई, बाबा, मला फ्रान्समध्ये, ग्रनोबलला जॉब मिळालाय. जानेवारीपासून."

"किती दिवस?" मी विचारलं.

"पर्मनंट आहे, बाबा."

बाकी तिघांची मापं अजून भरलेली होती. माझं रिकामं. मी उठलो, बॉयलरकडे निघालो. मुलीच्या मित्रानं बाटली माझ्याकडे सरकवली.

मी परत बसलो. ओतताना वीसची रेघ ओलांडली, ती तशीच राहू दिली.

"हळू," मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हणालो आणि ओठ भिजतील एवढाच घोट घेतला. "आता सांग. ऑफिस कुठंय? राहणार कुठं?"