चिखलात बसलेला पडाव

फिलोमेन गारोदेल ही बाई आमच्या ओर्नव्हालमध्ये कुणालाच फारशी आवडत नसे. कालव्यातून मालाच्या मोठ्या होड्या, म्हणजे पडाव, जायचे; पाणी भरून-सोडून त्यांना वर-खाली करणाऱ्या दारांची राखण तिच्याकडे होती. खरं तर नोकरी तिच्या नवऱ्याची, आन्सेल्मची. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने त्याची फुप्फुसं जळाली म्हणून सरकारने त्याला ती दिली होती. पण तो खिडकीशी खुर्चीत बसून खोकायचा आणि दारांची चाकं फिरवायची ती फिलोमेन. उंच, हाडापेराने मजबूत, तोंडाने फटकळ. मी कालव्यालगतच्या कॅफेत कामाला होते, त्यामुळे त्या दोघांची भांडणं मला तोंडपाठ होती.

"अगं, जरा बस की," आन्सेल्म म्हणायचा.

"मी बसले तर पडाव वर कोण चढवेल? तुझा खोकला?"

तो हसायचा, हसता हसता त्याला उबळ यायची आणि मग तीच हातातलं काम टाकून त्याची पाठ चोळत बसायची.

चाळीस साली जर्मनांनी फ्रान्स घेतला तेव्हा त्यांच्याही पडावांना ती दार उघडू लागली. दुसरं करणार काय? पण गावाला बोलायला निमित्त मिळालं. प्रॉस्पेर मांजें, आमचा बेकर, कॅफेत ऐसपैस बसून म्हणायचा, "फिलोमेनबाईंच्या दाराला कडीच नाही. येईल त्याने आत शिरावं!"

ती बाहेरूनच ओरडायची, "तुझ्या पावात पिठापेक्षा भुसा जास्त. मग जर्मनांच्या ताटात पांढरा पाव येतो कुठून रे, प्रॉस्पेर?"

सगळे हसायचे. प्रॉस्पेरही हसायचा. तसा तो मनाने दिलदार होता. भुसा तर तेव्हा सगळ्यांच्याच पावात होता.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये अमेरिकन जवळ आले. रेल्वेचे रूळ बॉम्बने उखडले होते, पूल पडले होते, म्हणून जर्मन जे जमेल ते कालव्याने पूर्वेकडे हलवत होते. एका दुपारी कॅफे रिकामा असताना कोल्सों मास्तर आले आणि त्यांनी फिलोमेनला बोलावून घेतलं. मास्तर आमच्या शाळेत शिकवायचे. जर्मन भाषा उत्तम यायची म्हणून जर्मनांनी त्यांना दुभाषा केलं होतं. ते आतून जर्मनांशी छुपे लढणाऱ्या प्रतिकारवाल्यांचे आहेत हे गावात तीन-चार जणांनाच ठाऊक होतं. त्यांत मी होते.

"उद्या एक पडाव येतोय," मास्तर म्हणाले. "सिरील नावाचा बेल्जियन नावाडी आहे, सोबत जर्मन शिपाई. आत पेट्या आहेत. पेट्यांत चित्रं. पॅरिसहून चोरलेली."

"मग?"

"तो पुढे जायला नको. पण बुडवायचाही नाही, चित्रं भिजतील. तुमच्या दोन दारांमधलं पाणी सोडून द्या. पडाव चिखलात बसेल. दोन-तीन दिवस अडकला तरी पुरे, तोवर अमेरिकन येतायत."

फिलोमेनने भाजलेल्या बार्लीची कॉफी एका घोटात संपवली. "चित्रं कुणाची?"

"फ्रान्सची."

"फ्रान्स कुठल्या घरात राहतो, मास्तर? भिंतीवर कुणाच्या होती ते विचारतेय मी."

मास्तर म्हणाले, "बरीचशी ज्यू लोकांच्या घरांतून उचललेली आहेत."

"आणि ती माणसं?"

मास्तरांनी टोपी हातात फिरवली. आमच्या गावात कापडाचं दुकान होतं वोर्म्सबाईंचं. दोन वर्षांपूर्वी ज्यू म्हणून त्यांना आणि त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना नेलं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक आणून त्यांचं कपाट, पलंग, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नेलं. फिलोमेन तेव्हा रस्त्यात उभी होती. तिने त्या वेळी काही म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं.

"पाणी जाईल," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पडाव आला. लांबडा, काळा, ताडपत्री घट्ट बांधलेला. खालच्या दारातून चढून तो आमच्या दोन दारांमधल्या पट्ट्यात शिरला आणि भर दुपारी, शिपाई सावलीत जेवायला बसलेले असताना, फिलोमेनने सायकल काढली. खालच्या दारापाशी गेली आणि झडपा उघडून दाराच्या फटीत एक ओंडका ठोकून बसवला. वाहत आलेलं लाकूड अडकलं, दार लागत नाही, असं सांगायला मोकळी.

पाणी जाताना आवाज होत नाही. आधी काठाची ओली रेघ दिसली, मग दगड, मग शेवाळ. संध्याकाळपर्यंत पडाव एका कुशीवर कलून चिखलात बसला. सिरील डोक्याला हात लावून ताडपत्रीवर बसून राहिला. आणि गावाला मात्र जत्रा सापडली. उरलेल्या डबक्यांत कार्प आणि वाम मासे तडफडत होते, आणि चार वर्षं बटाट्यांवर काढलेलं सगळं गाव टोपल्या, बादल्या घेऊन चिखलात उतरलं. मी पण. स्कर्ट कमरेला खोचून गुडघाभर चिखलात. प्रॉस्पेरने एवढा मोठा मासा धरला की तो त्याच्यासकट आडवा झाला.

"बायको म्हणेल हे कुणाला मिठी मारून आलास!" तो ओरडला आणि आम्ही पोट धरून हसलो.

जर्मन कप्तान राडलिख मोटारीने आला तेव्हा आम्ही तसेच चिखलात होतो. तो ओरडला नाही. काठावरून चालत गेला, बोटाने चौघांना निवडलं आणि शिपायांनी आम्हाला वर ओढलं. प्रॉस्पेर, मी, लोहाराचा बहिरा म्हातारा बाप तेओफील आणि शेतावरची नोएमी. नोएमीच्या टोपलीतला मासा अजून उड्या मारत होता. आम्हाला वरच्या दाराशेजारच्या अवजारांच्या खोलीत कोंडलं. भिंत फळ्यांची होती, फटींतून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

कप्तानाने फिलोमेनला बोलावलं. मास्तर मध्ये उभे. कप्तानाला फ्रेंच थोडं कळायचं, पण आमच्या गावची बोली त्याला कळणं शक्यच नव्हतं, आणि मास्तर तीच बोलत होते.

"तो विचारतोय, पाणी भरायला किती वेळ लागेल," मास्तर म्हणाले. आवाज अगदी सरळ. "तीन दिवस सांगा."

"आत किती जण आहेत?"

"चार. मारायची नुसती धमकी आहे, फिलोमेनबाई. माणसं मारून त्याला काय मिळणार? पडाव थोडाच तरंगणार आहे? तीन दिवस म्हणा."

फिलोमेनने आमच्या फळ्यांकडे पाहिलं. मग कप्तानापुढे तीन बोटं धरली. "तीन दिवस. उन्हाळ्यात वरच्या तलावात पाणी नाही."

कप्तानाने मान हलवली, जसं काही समजून घेतलं. आमच्या खोलीचं दार उघडलं. पहिला दाराशी प्रॉस्पेर बसला होता, म्हणून प्रॉस्पेर. एवढंच कारण. त्याला वाटलं सोडतायत. बाहेर पडताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, "माझी बादली कुणाला देऊ नकोस हां, ओदील." काठच्या वाटेवर त्याला चार पावलं चालवलं आणि मानेत गोळी घातली.

आवाजाने चिनारांवरचे कावळे उडाले. पलीकडच्या काठावर कुणीतरी किंचाळलं. ती त्याची बायको झेली असावी. मी फटीपासून दूर होऊ शकले नाही. हात फळीला घट्ट धरून होते, आणि बहिरा तेओफील माझ्या बाहीला ओढून विचारत होता, "काय झालं? काय झालं गं?"

कप्तान पुन्हा काहीतरी म्हणाला. मास्तरांचा चेहरा मेणासारखा झाला होता. पण त्यांनी बोलणं तुटू दिलं नाही.

"परत तेच विचारतोय. तीनच म्हणा. आता बदललंत तर प्रॉस्पेर फुकट गेला."

"प्रॉस्पेर गेला, मास्तर. फुकट की विकत, त्याचं त्याला काय?"

"ही चित्रं शंभर वर्षांनी आपली नातवंडं बघतील. कळतंय का तुम्हाला?"

"आतल्या पोरीला नातवंडं व्हायची असतील तर ती आज जगली पाहिजे."

"अमेरिकन दोन दिवसांवर आहेत!"

"तिच्याकडे दोन दिवस नाहीत."

एवढं बोलून ती थेट कप्तानाकडे वळली. मास्तरांना तिने दुभाषा म्हणूनही ठेवलं नाही. पूर्वेकडे, सूर्य उगवतो तिकडे बोट केलं, मग पडावाकडे, मग तळहात उताणा करून हळूहळू वर उचलला. सकाळी. तरंगेल. कप्तानाला कळलं. तिने खालच्या दाराचा ओंडका काढायला शिपाई मागितले, दार लावून झडपा बंद केल्या, मग वरच्या दाराच्या झडपा पूर्ण उघडल्या आणि पाणी सोडायला तलावाकडे माणूस पाठवला. वरच्या पट्ट्यातलं पाणी तिने रात्रभर खाली ओतलं; तलावातून ते वर भरत राहिलं. चाक फिरवताना तिने एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. प्रॉस्पेर तिथेच पडलेला होता. पाणी त्याच्या बाजूने घों घों करत जात होतं.

सकाळी पडाव सरळ झाला. कप्तानाने शब्द पाळला. आम्हा तिघांना सोडलं, आणि पडाव वरच्या दारातून पूर्वेकडे गेला. सिरीलने जाताना टोपी काढून फिलोमेनला सलाम केला. तो त्याच दिवशी मेला. पुढच्या गावाच्या पुलाजवळ अमेरिकन विमानांनी जर्मन माल समजून पडावावर आग ओतली. पेट्या जळाल्या. काळे झालेले कापडाचे तुकडे कालव्यातून वाहत आमच्या दारापर्यंत आले. एकावर निळा रंग होता, कसला ते सांगता येणार नाही. फिलोमेनने ते आकड्याने बाहेर काढले, वाळत घातले आणि मास्तरांकडे नेऊन दिले. मास्तरांनी दार उघडलं, ते घेतले आणि दार लावलं.

मग अमेरिकन आले, घंटा वाजल्या, आणि ज्यांच्या दंडावर कालपर्यंत काही नव्हतं त्यांच्या दंडावर प्रतिकारवाल्यांच्या पट्ट्या आल्या. जर्मनांना साथ दिलेल्या बायकांची डोकी तेव्हा भादरत; असेच काही जण कात्री घेऊन फिलोमेनच्या घरी पोचले. जर्मनांसाठी पाणी भरलं, चित्रं घालवली, डोकं भादरा तिचं! आन्सेल्म खुर्चीतून उठून दारात उभा राहिला होता, चौकटीला धरून, बोलायला श्वास नव्हता. मी आणि नोएमी त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो. तेओफीलला काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, पण त्याने मुलाचा हातोडा आणला होता.

"आधी आमची भादरा," नोएमी म्हणाली. "आम्ही पण जिवंत राहिलो ना, तो आमचाही गुन्हाच."

कोल्सों मास्तर गर्दीच्या मागे होते. त्यांच्या एका शब्दाने सगळं मिटलं असतं. ते तिच्या विरुद्ध बोलले नाहीत, बाजूनेही नाहीत. शेवटी लोक कुरकुरत पांगले.

तेव्हा झेली पुढे आली. काळ्या कपड्यांत, दोन्ही मुलींचे हात धरून. मला वाटलं ही आता थुंकणार. ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळपर्यंत भरता येत होतं ना पाणी?"

"हो."

"मग आधी तीन दिवस का म्हणालीस?"

फिलोमेनला सांगता आलं असतं की मास्तरांनी सांगितलं. मी वाट पाहिली. मास्तरही वाट पाहत होते, मान खाली घालून. ती म्हणाली, "चुकलं माझं."

मास्तरांना वाटलं ती लवकर झुकली, झेलीला वाटलं उशिरा. मधल्या त्या एका गोळीएवढ्या वेळात तिने काय करायला हवं होतं, हे मला या वयातही कळलेलं नाही. झेलीने तिला पुन्हा कधी पाव विकला नाही. मी आणून देते म्हटलं तर फिलोमेन म्हणाली, "तू माझं ओझं वाहू नकोस, पोरी." ऊन असो, बर्फ असो, ती सायकलने शेजारच्या गावाला जाऊन पाव आणायची. आन्सेल्म पुढच्या हिवाळ्यात गेला. नोकरी तिच्या नावावर झाली. आधी फटकळ होती, आता बोलायचीच नाही. पडाववाले गंमत करायचे, तर ती चाक फिरवत राहायची.

बऱ्याच वर्षांनी, पिवळ्या आलुबुखारांच्या दिवसांत, पॅरिसहून एक बाई आली. चाळिशीची, नीटस, हातमोजे घातलेली. तिच्या आईवडिलांच्या घरातली तीन चित्रं त्या पडावावर होती असं तिला कुठूनतरी कळलं होतं. मी तिला फिलोमेनकडे घेऊन गेले. मनात म्हटलं, आता ही हिला चार चांगले शब्द तरी बोलेल.

फिलोमेनने तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं, काही न झाकता. पाणी मी सोडलं. तीन दिवस मी म्हटलं. आमचा बेकर मेला. मग पाणी मी भरलं. चित्रं जळाली. मास्तरांचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.

बाईने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग विचारलं, "बेकरचं नाव काय हो?"

फिलोमेनचे ओठ हलले. मी त्या घरात रोज जायचे, पण ते नाव तिच्या तोंडून इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. "प्रॉस्पेर," ती म्हणाली. "प्रॉस्पेर मांजें. दोन मुली आहेत."

"माझ्या आईवडिलांना ज्या गाडीतून नेलं," बाई म्हणाली, "ती कुणी घटकाभरही अडवली नाही. सगळी स्टेशनं वेळेवर घेतली तिने."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. फिलोमेन टेबलावर हात ठेवून बसली होती, चाकाने घट्टे पडलेले मोठे हात. तेवढ्यात खालून पडावाचा भोंगा वाजला. ती उठली, परसातल्या झाडाखालचे आलुबुखार एका फडक्यात बांधले, बाईच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "गाडीत खा. धुतलेले नाहीत." आणि दार उघडायला गेली.